डायोरामातला दगडी रस्ता: चिरे, सांधे आणि रंग

डायोरामातला, म्हणजे छोट्या मॉडेलांनी उभ्या केलेल्या देखाव्यातला, दगडी रस्ता सहसा फसतो तो मापात. रंगाचा नंबर त्यानंतर लागतो. गाडी १:३५ स्केलची (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी), माणसं १:३५ ची आणि रस्त्यातला एकेक दगड मात्र गाडीच्या चाकाएवढा. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून फोमला कटर लावण्याआधी खरा रस्ता कसा रचतात ते समजून घ्यावं. कारागिराने दगड तसेच का बसवले याला कारण असतं. ते कळलं की रेघ कुठे मारायची आणि रंग कुठे गडद ठेवायचा, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

खरा रस्ता कसा असतो

'कॉबलस्टोन' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक म्हणजे नदीतले गोलसर गोटे, वाळूत उभे ठोकून एकमेकांना खेटून बसवलेले. जुनी अंगणं, तबेले, अरुंद गल्ल्या इथे ते दिसतात. दुसरे म्हणजे घडीव चिरे: ग्रॅनाइटचे, बेसॉल्टचे किंवा वालुकाश्माचे, वरची बाजू जवळजवळ चौकोनी. युरोपातल्या शहरांचे जे रस्ते डायोरामात जास्त दिसतात ते या दुसऱ्या प्रकारचे. यापुढे बोलायचंय ते मुख्यतः घडीव चिऱ्यांबद्दल.

या चिऱ्यांची दोन मापं लक्षात ठेवली तरी बरंच काम होतं. रहदारीच्या रस्त्यांवरचा मोठा चिरा साधारण १४ ते १८ सेंटीमीटरचा, आणि लहान चिरा ८ ते ११ सेंटीमीटरचा. रोममधले प्रसिद्ध काळे चिरे वरून साधारण १२ सेंटीमीटर चौरस असतात आणि खाली निमुळते होत जातात, पाचरीसारखे. आपल्याला फक्त वरची बाजू लागते. खरं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि स्केलच्या आकड्याने भागायचं. १६ सेंटीमीटरचा चिरा १:३५ मध्ये ४.६ मिमी येतो, १:४८ मध्ये ३.३ मिमी, १:७२ मध्ये २.२ मिमी आणि १:८७ मध्ये जेमतेम १.८ मिमी. १० सेंटीमीटरचा लहान चिरा १:३५ मध्ये २.९ मिमी आणि १:७२ मध्ये १.४ मिमी. हे आकडे कागदावर चौकोन काढून बघा. बहुतेकांना 'इतका लहान?' असंच वाटतं. हो, इतकाच लहान.

दोन चिऱ्यांमधला सांधा प्रत्यक्षात सेंटीमीटरभर असतो, म्हणजे १:३५ मध्ये ०.३ मिमी. रंगाचे थर चढल्यावर एवढी बारीक खाच बुजून जाते, त्यामुळे ०.४ ते ०.५ मिमी धरायला हरकत नाही. त्यापलीकडे गेलात की तो रस्ता न राहता चौकटीची जाळी होते.

आता रचना. चिऱ्यांच्या ओळी रस्त्याला आडव्या जातात, रहदारीच्या दिशेला काटकोनात. लांबलचक सांधे रहदारीच्याच दिशेने असते तर गाड्यांची चाकं त्यांतच धावली असती आणि चर पडले असते. शिवाय आडव्या सांध्यात घोड्याच्या टापेला पकड मिळते. ओळीच्या आतले छोटे सांधे मात्र शेजारच्या ओळीतल्या सांध्यांसमोर कधी येत नाहीत, भिंतीतल्या विटांसारखेच. चौकात, जिथे गाड्या वळतात, तिथे ओळी तिरप्या घालतात, कारण तेच. आणि रस्त्याच्या कडेला, कर्बला (फुटपाथच्या उंच कडेला) लागून, एक-दोन ओळी उलट्या, म्हणजे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने असतात; पाणी त्यांवरून वाहून जातं. ही कडेची उलटी ओळ घातली की रस्ता लगेच खरा वाटू लागतो, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ढाळ. दगडी रस्ता सपाट नसतो. मध्ये उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता असतो. साधारण ३ टक्के ढाळ धरला तर ६ मीटर रुंद रस्त्याचा मधला भाग कडांपेक्षा ९ सेंटीमीटर वर येतो. १:३५ मध्ये हा रस्ता १७१ मिमी रुंद आणि मधला उंचवटा २.६ मिमी. आकडा किरकोळ वाटेल, पण डायोरामा डोळ्यांच्या उंचीवरून पाहिला की हा बाक लगेच जाणवतो, आणि तो नसला तर रस्ता टेबलासारखा दिसतो. कर्बची उंची १० ते १५ सेंटीमीटर, म्हणजे ३ ते ४ मिमी. ६० सेंटीमीटर व्यासाचं मॅनहोलचं झाकण १७ मिमी.

कमानीची रचना

मध्य युरोपातल्या लहान चिऱ्यांच्या रस्त्यांवर शेजारी-शेजारी कमानी दिसतात, माशाच्या खवल्यांची आठवण करून देणाऱ्या. ही रचना बघायला अवघड, पण तिचं गणित सोपं आहे. एकच कमान मागे-मागे सरकवत न्यायची, एवढंच. मात्र कमान सरळ रेषेत मागे सरकवली की दोन कमानींमधलं अंतर माथ्यावर पूर्ण राहतं आणि बाजूंना कमी होत जातं. बाजूची कड ४५ अंशांनी तिरपी असेल तर तिथे अंतर माथ्याच्या ०.७ पट उरतं. म्हणून खरा कारागीर मोठे दगड माथ्यावर लावतो आणि लहान दगड टोकांना. मॉडेलमध्ये माथ्यावर ३ मिमीचा चिरा असेल तर टोकाशी तो २.१ मिमीचा हवा. सगळे सारखे काढत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या ओळीतच रेघा एकमेकींत घुसतात आणि 'कुठे चुकलं' म्हणून खोडाखोड सुरू होते.

१:३५ साठी जाड पुठ्ठ्याचा ३४ मिमी रुंद कमानीचा साचा कापा (खऱ्या १.२ मीटरच्या कमानीएवढा). फोमवर ३४ मिमी अंतराने उभ्या रेघा आखा, त्यांच्या कडेवर ३ मिमीच्या खुणा करा आणि साचा खुणेखुणेने सरकवत पेन्सिलीने हलकी कमान काढत जा. शेजारच्या पट्ट्यांतल्या कमानींची टोकं उभ्या रेघेवर एकमेकींना भेटली पाहिजेत. पहिल्याच रस्त्याला मात्र ही रचना घेऊ नये. आधी सरळ ओळींवर हात बसू द्या.

कशात बनवायचा

पर्याय बरेच आहेत: फोम, हवेत सुकणारी क्ले, प्लास्टर, तयार छापील किंवा थ्रीडी प्रिंट केलेली शीट, आणि एकेक दगड कापून चिकटवणं. या शेवटच्या पर्यायाला होकार देण्याआधी मोजून बघा. २० बाय २० सेंटीमीटरचा रस्ता, १:३५, मोठे चिरे, सांध्यासह ५ मिमी: ४० गुणिले ४०, म्हणजे १६०० दगड. लहान चिरे घेतले तर सुमारे ३९००. दरवाज्यासमोरचा हातभर तुकडा किंवा उखडलेला कोपरा असेल तर सुटे दगड सुंदर दिसतात. अख्ख्या चौकासाठी तो हट्ट आहे. १:७२ आणि त्याहून लहान स्केलला हाताने कोरणं शक्य असलं तरी सुख नाही. तिथे तयार शीट घेऊन वेळ रंगात घालवलेला बरा.

नवख्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: फोम. स्वस्त, हलका, चूक झाली तर तुकडा बदलता येतो. पण कुठला फोम ते नीट बघा. दाण्या-दाण्यांचा पांढरा थर्मोकोल चालत नाही. कटर लावला की दाणे उपटून येतात आणि दगडाची कड कधीच साफ निघत नाही. हवा तो एक्सपीएस, म्हणजे दाट, एकसंध, बहुधा निळ्या, गुलाबी किंवा राखाडी रंगात मिळणारा इन्सुलेशनचा फोम. दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला फोमबोर्डही चालतो, त्याचा कागद ओला करून सोलून काढला तर. जाडी ५ मिमी पुरते.

फोमवर कोरताना

एक्सपीएसच्या वरच्या बाजूला कारखान्यातून आलेली गुळगुळीत साय असते. ती पेनाला नीट दबू देत नाही आणि रंगही धरत नाही. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, हलक्या हाताने ती काढून टाका. फोमची धूळ नाकात जाते, तेव्हा मास्क लावा.

मग फोम कोरण्याआधीच लाकडी पायावर चिकटवा. सुटा फोम रंगवला की एका बाजूच्या थरामुळे तो सुकताना वाकतो, आणि नंतर कितीही वजन ठेवा, पुरता सरळ होत नाही. ढाळ द्यायचा असेल तर पायाच्या मधोमध २.५ मिमी जाडीची पुठ्ठ्याची पट्टी लावा, तिच्यावर फोम ठेवा आणि दोन्ही कडा खाली दाबून चिकटवा. गोंद पाण्यात मिसळणारा पांढरा पीव्हीए. सुपरग्लू आणि प्लास्टिक मॉडेल जोडायचा गोंद (सिमेंट) फोम खातात, खड्डे पडतात. पीव्हीएला मात्र सुकायला हवा लागते आणि फोममधून ती मिळत नाही. मधला गोंद दोन-तीन दिवस ओला राहू शकतो, म्हणून पातळ थर द्या आणि वजन ठेवून निदान एक दिवस हात लावू नका.

आखणी करताना दोन्ही कडांवर ५ मिमी अंतराने खुणा करा, पण दर तीन-चार खुणांमागे एखादी अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकवा. पट्टी ठेवून पेन्सिलीने ओळी हलक्या आखून घ्या. इथे पट्टीचं काम संपलं. पुढचं सगळं मोकळ्या हाताने. पट्टी लावून कोरलेला रस्ता बाथरूमच्या टाइल्ससारखा दिसतो. हाताचा किंचित थरथराट इथे गुण आहे.

आता एकाच दगडाकडे जवळून बघू. नव्या ब्लेडने पेन्सिलीच्या रेघेवर सुमारे १ मिमी खोल काप द्या. ब्लेड बोथट असेल तर फोम कापला न जाता फाटतो आणि कडेला भुसा सुटतो. साधारण दोनशे-तीनशे दगडांमागे ब्लेड बदलावं लागतं. इथे काटकसर करू नये. काप झाला की शाई संपलेल्या बॉलपेनचं टोक त्याच कापातून ओढा. काप आधीच असल्याने टोक भरकटत नाही, आणि दाबामुळे दगडाच्या दोन्ही कडा आत वळून गोलसर होतात. चारही बाजू झाल्या की सांधे जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर पेनाचं टोक एकदा दाबा आणि किंचित फिरवा. चौकोनाचे चारही कोपरे मऊ होतात आणि एवढ्यात तो चौकोनाचा दगड होतो. शाई असलेला पेन वापरू नका. बॉलपेनची शाई वरच्या ॲक्रिलिक थरांतून निळी-जांभळी डोकावते, आणि ती डोकावते सगळं रंगवून झाल्यावर.

आधी सगळ्या आडव्या ओळी, मग ओळीतले छोटे सांधे. छोटा सांधा वरच्या ओळीतल्या दगडाच्या मधल्या तिसऱ्या भागात कुठेतरी यावा. नेमका मध्यावरच काढत गेलात तर तेही यांत्रिक दिसतं. दगडांची लांबी थोडी बदलती ठेवा: ४.२, ४.८, ५.५, मध्येच एखादा चौरस.

पोतासाठी अॅल्युमिनियम फॉइलचा सैलसर बोळा घ्या आणि हलका दाब देत रस्त्यावर लोळवा. दर दोन-तीन वेळा बोळा हातात फिरवा, नाहीतर एकच ठसा पुन्हापुन्हा उमटतो. बोळा घट्ट दाबलेला असेल तर त्याची टोकं मुकी होतात आणि ठसाच उमटत नाही. यानंतर एका सपाट काडीने दर दहा-बारा दगडांमागे एखादा दगड अर्धा मिलिमीटर खाली दाबा. काहींची फक्त एक कड दाबा, म्हणजे दगड किंचित कलंडल्यासारखा दिसेल. जिथे चाकं नेहमी जातात त्या दोन पट्ट्यांत अंगठ्याने हलका खोलगटपणा आणा. पुढे डबकं दाखवायचं असेल तर त्याची जागा आत्ताच ठरते. नंतर सपाट दगडांवर ओतलेलं पाणी खोटं दिसतं.

गाडी ठेवायची असेल तर तीही आत्ताच जागेवर ठेवून दाबून घ्या. उंचसखल चिऱ्यांवर चार चाकं कधीच एकदम टेकत नाहीत. एखादं चाक कागदभर अधांतरी राहिलं तरी गाडी वजनदार वाटत नाही.

क्ले आणि प्लास्टर

क्लेचा फायदा म्हणजे ठसे मारता येतात. चौकोनी पितळी नळीचं टोक आतून कानशीने घासून धारदार केलं की तिचा काठच सांधा उमटवतो. नळी योग्य मापाची मिळाली नाही तर पत्र्याची पट्टी दुमडून ठसा करता येतो. ४.२, ४.६ आणि ५ मिमीचे असे तीन ठसे ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. पायावर पीव्हीएचा हात फिरवून ४ मिमी जाडीची क्ले पसरा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ताजी क्ले ठशाला चिकटते आणि ठसा उचलताना दगडच वर येतो. ठसा बोटभर पाण्यात बुडवून घेतला की सुटतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकाच दाबात पूर्ण खोल ठसा मारणं. दाबलेली क्ले कुठेतरी जाणारच. ती बाजूला सरकते आणि शेजारचे, आधी उमटलेले दगड चेपते. पहिल्या फेरीत अर्धा मिलिमीटर, सगळा रस्ता झाला की दुसऱ्या फेरीत उरलेलं. सुकताना पाणी उडून क्ले आकसते आणि कडेकडून तडे जातात. ओल्या फडक्याऐवजी सैल प्लास्टिक पांघरून एक-दोन दिवस हळू सुकवली तर तडे कमी पडतात. सांध्यातून गेलेला तडा तसाच सोडून द्या, तो फुकटचा सांधा आहे. दगडाच्या पोटातून गेलेला मात्र पाण्यात कालवलेल्या त्याच क्लेने भरा.

प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये दगडाचा पोत सर्वात खरा येतो, कारण ते दगडासारखंच तुटतं. १०० ग्रॅम पावडरला साधारण ७० मिली पाणी. पावडर पाण्यात टाकायची. उलटं केलं की गुठळ्या होतात. पावडर पृष्ठभागावर भिजून बसेपर्यंत मिनिटभर थांबा, मग सावकाश ढवळा, फेस होऊ देऊ नका. लाकडी पायावर थेट ओतलं तर कोरडं लाकूड खालच्या थरातलं पाणी शोषून घेतं, तो थर भुसभुशीत होतो आणि अख्खा रस्ता पापुद्र्यासारखा सुटून येतो. म्हणून पाया खरवडून पीव्हीएने सील करून मग ओता. थर ५ ते ६ मिमी हवा. ३ मिमीपेक्षा पातळ प्लास्टर कोरतानाच मोडतं. ओतण्याआधी पाण्यात थोडा गडद रंग घातला तर पुढे कुठे टवका उडालाच तर पांढरं डोकावत नाही.

कोरायची वेळ नखाने कळते. नख रुतून ठसा उमटतो, पण ठशात पाणी येत नाही, तेव्हा सुई घेऊन बसायचं. याआधी कोरलं तर रेघ परत मिटते, उशिरा कोरलं तर कडा टवक्यांनी उडतात. पुरतं सुकून गेलं असेल तर ब्रशने पाणी मारून पुन्हा ओलसर करा. धूळही कमी उडते. कोरताना निघालेला चुरा लगेच मऊ ब्रशने झटका. तो सांध्यात सुकून बसला की निघता निघत नाही.

रंग

फोमला आधी कवच लागतं. पीव्हीए आणि गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग समप्रमाणात, त्याच्या निम्म्याहून कमी पाणी, असे दोन पातळ हात द्या. ब्रश सांध्यात घाला आणि साचलेलं मिश्रण त्याच ब्रशने परत उचला, नाहीतर तासन्‌तास कोरलेले सांधे एका हातात बुजतील. स्प्रेचा डबा फोमवर कधीच नको. त्यातलं सॉल्व्हंट कवचातल्या टाचणीएवढ्या छिद्रातूनही आत शिरतं आणि खालचा फोम पोकरतं. ते कळतं तेव्हा वरचा रंग खाली बसलेला असतो.

पायाचा रंग म्हणून काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी घेऊ नका. तो मेलेला दिसतो, सिमेंटच्या पत्र्यासारखा. ग्रॅनाइटसाठी तीन भाग मध्यम राखाडी, एक भाग तपकिरी आणि थोडा पिवळसर ऑकर. बेसॉल्टसाठी राखाडीत काळा आणि थेंबभर निळा. वालुकाश्मासाठी ऑकर, राखाडी आणि किंचित विटकरी. स्केल जितकं लहान तितका रंग एक छटा उजळ ठेवा. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद भासतो.

मग सुटे दगड. एका खाणीतला दगडही एका रंगाचा नसतो, आणि दुरुस्तीच्या वेळी दुसरीकडचा दगड येतो. शंभर दगडांपैकी पंचवीस वेगळे रंगवा: दहा पायाच्या रंगापेक्षा उजळ, आठ निळसर, पाच तपकिरी, दोन लालसर. एकाच छटेचे दोन दगड शेजारी येऊ लागले तर येऊ द्या, पण ठरावीक अंतराने येऊ देऊ नका, नाहीतर बुद्धिबळाचा पट होतो. छटा पायाच्या रंगाच्या आसपासच असाव्यात. या टप्प्यावर रस्ता भडक वाटणारच, घाबरू नका. पुढचा वॉश सगळ्यांना एका घरात आणतो.

वॉश म्हणजे गडद रंगाचं पाणी: एक भाग तपकिरी-काळा ॲक्रिलिक, दहा ते पंधरा भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विड सोपचा एक थेंब. साबणाविना पाणी दगडावर थेंबाथेंबाने उभं राहतं, सांध्यात उतरतच नाही. कोरड्या रस्त्यावर वॉश टाकला तर तो सुकताना कडेला वर्तुळं उमटतात. त्यासाठी आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून रस्ता ओलसर करा आणि एका वेळी हातभर भागच घ्या. ऑइल रंगाचा वॉश हवा असेल तर फोमवर ॲक्रिलिक वार्निशचा पक्का थर आधी द्या. टर्पेंटाइन फोमपर्यंत पोचलं की फोम विरघळतो.

शेवटी ड्राय ब्रशिंग. जुना चपटा ब्रश, पायाच्या रंगात थोडा फिका पिवळसर मिसळून, कागदावर पुसत-पुसत जवळजवळ कोरडा करायचा. हाताच्या पाठीवर फिरवून बघा. त्वचेच्या रेषा जेमतेम उमटल्या तर ब्रश तयार. ओळींना तिरपा, ४५ अंशात फिरवा. ओळीच्या दिशेने फिरवला तर केस सांध्यात उतरतात आणि गडद खाच पांढरी होते. शुद्ध पांढरा वापरू नका, रस्त्यावर पीठ सांडल्यासारखं दिसतं. चाकांच्या दोन पट्ट्यांत एक हात जास्त द्या. तिथला दगड घासून गुळगुळीत आणि उजळ झालेला असतो.

सांधे काळे नसतात

सांधा म्हणजे खाच, खाच म्हणजे सावली, सावली म्हणजे काळा, असा हिशेब करून बहुतेक दगडी रस्ते काळ्या जाळीत अडकवले जातात. खऱ्या रस्त्यात सांधा रिकामा नसतो. त्यात वाळू, दगडाची भुकटी, वर्षानुवर्षांची धूळ भरलेली असते. काळ्या बेसॉल्टच्या कोरड्या रस्त्यावर सांधे दगडापेक्षा उजळच दिसतात. ओल असेल, सावली असेल, तेलकट घाण असेल तिथे ते गडद होतात. म्हणजे एकाच रस्त्यात दोन्ही हवेत: मध्ये उजळ, कर्बजवळ गडद.

भरायला वाळू घेऊ नका. ०.३ मिमीचा कण १:३५ मध्ये सेंटीमीटरभराचा खडा होतो. टाइल्सच्या सांध्यांत भरायची ग्राउट पावडर किंवा प्लास्टरची कोरडी पावडर घ्या, तिच्यात तपकिरी-वाळूच्या रंगाचं पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) मिसळा आणि बारीक विणीच्या कापडातून गाळून घ्या. रंगावर आधी मॅट वार्निश देऊन एक दिवस सुकू द्या. मग पावडर रस्त्यावर टाका, मऊ ब्रशने तिरपी-तिरपी लोटत सांध्यात बसवा आणि ठोकळ्याला गुंडाळलेल्या कोरड्या कापडाने दगडांचे माथे पुसा. सांधे काठोकाठ भरू नका, अर्धे भरा. आता ३० सेंटीमीटरवरून साबणाच्या पाण्याचा अगदी बारीक फवारा. जवळून मारलात तर पावडर उडून खड्डे पडतात. सुकल्यावर दगडांवर पांढुरकी झाक राहते; ओल्या कापसाने चाकांच्या पट्ट्यांतली पुसा, बाकी राहू द्या, ती धूळच आहे.

पिगमेंट पक्कं करायला अनेक जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते खालचा ॲक्रिलिक रंग मऊ करून उचकटतं, म्हणून वार्निशाविना नको, आणि टाकल्यावर ब्रशने घासायचं तर अजिबात नको.

हिरवळही वाटेल तिथे लावू नये. शेवाळ कर्बच्या पायथ्याशी, भिंतीलगत आणि पागोळीच्या नळाखाली; गवत फक्त तिथे, जिथे चाकं आणि पाय पोचत नाहीत. उंची २ ते ३ मिमी, म्हणजे ७ ते १० सेंटीमीटर, पुरे.

डबकं

आधी ओल, मग पाणी. डबक्याच्या भोवती बोटभर भागात दगड आणि सांधे पातळ गडद वॉशने एक छटा खाली आणा आणि बाहेरची कड विरत जाऊ द्या. त्यावर सॅटिन (मंद चमकेचं) वार्निश, आणि मधल्या खोलगटात ग्लॉस (चकचकीत). इथपर्यंतच थांबलात तरी रस्ता नुकताच पाऊस पडून गेल्यासारखा दिसतो.

उभं पाणी हवं असेल तर दोन भागांचं पारदर्शक रेझिन. प्लास्टर आणि ग्राउट सच्छिद्र असतात. सील न करता ओतलं तर रेझिन आत मुरतं आणि आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. म्हणून ग्लॉस वार्निशाचे दोन हात आधी. रेझिन एकदम ओतू नका. सांधे म्हणजे बारीक पन्हळी आहेत. त्यांतून ते ओढलं जात दूरपर्यंत जातं आणि डबक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. काडीने थेंब-थेंब ठेवा, अर्धा मिलिमीटरचा थर, तो घट्ट झाल्यावर दुसरा. डबक्याच्या कडेला दगडांचे माथे पाण्याबाहेर राहिले पाहिजेत. शेवटचा थर दिला की वरून डबा पालथा घाला आणि चोवीस तास उचलून बघायचा मोह आवरा. रेझिनवर बसलेला सेंटीमीटरभराचा धागा म्हणजे १:३५ मध्ये पाण्यात तरंगणारी पस्तीस सेंटीमीटरची सुतळी.